सहा नंबरचे पाहुणे

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेली मुलं पहिल्या महिन्यात दोनच नवस बोलतात. एक, मेसचा कंत्राटदार बदलावा. दोन, डिसेक्शनला बारीक देह मिळावा. पहिला नवस आजवर कुणाचा फळलेला नाही. दुसरा निम्म्यांचा फळतो, आणि उरलेले निम्मे पुढचे कित्येक आठवडे हातात चिमटा धरून पिवळी चरबी खरवडत बसतात. बारीक देहात शिरा, धमन्या, स्नायू पुस्तकातल्या चित्रासारखे मांडून ठेवलेले असतात. जाड देहातही तेच सगळं असतं, पण तिथं पोचायला आधी लोण्याच्या डोंगरातून बोगदा काढावा लागतो. बोगदा काढता काढता मुलं वैतागतात. हा वैताग आधी चरबीवर निघतो, मग चरबीच्या मालकावर, आणि तिथून घसरत घसरत जगातल्या समस्त जाड माणसांवर.

तन्मय हावळचा वैताग मात्र स्वयंभू होता. त्याला डिसेक्शनची वाट बघावी लागली नव्हती. इचलकरंजीचा हा मुलगा रोज पहाटे जिमला जायचा. त्याच्या अंगात नऊ टक्के चरबी होती, आणि ही गोष्ट माहीत नसलेला एकही माणूस वसतिगृहात शिल्लक नव्हता. वॉचमनलाही आकडा पाठ होता.

त्यामुळे सहा नंबरच्या टेबलावरची चादर बाजूला झाली आणि खाली सत्तरीतले, एकशे सव्वीस किलोंचे एक देहदाते निवांत पहुडलेले दिसले, तेव्हा तन्मयने गटाकडे वळून घोषणा केली, "अभिनंदन मंडळी. आपल्या टेबलाला बुफे आहे."

सगळे हसले. मग सगळे एकदम हसायचे थांबले. तन्मयच्या मागे डॉ. आकिवाटे मॅडम उभ्या होत्या.

आकिवाटे मॅडम शरीररचनाशास्त्राच्या विभागप्रमुख. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. त्यांना रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण त्या रागावल्या होत्या हे लोकांना नंतर निकालातून कळायचं.

"नाव?"

"तन्मय हावळ, मॅडम."

"छान. हावळ, अंगरख्याचा पहिला आठवडा तुमचा."

अंगरख्याचा नियम त्याच वर्षी लागू झाला होता. झालं होतं असं, की एका पाहणीत नव्या विद्यार्थ्यांना जाड माणसांबद्दल काय वाटतं हे डिसेक्शनच्या आधी विचारलं, आणि मग डिसेक्शन संपल्यावर पुन्हा विचारलं. आधी मुलं म्हणाली, "माणसांसारखी माणसं." नंतर म्हणाली, "आळशी", "बेफिकीर", "स्वतःच्या कर्माने". वर्षभर शरीर शिकून मुलं शरीरावरच रुसून बसली होती. मग एक समिती नेमली गेली आणि तिने ठरवलं, की जो देह कापायचा तो आधी अंगावर घालायचा. समितीत एकही जाड माणूस नव्हता, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

"अंगरखा म्हणजे नुसतं वजन नव्हे," मॅडमनी वर्गात समजावलं होतं. "वजन काय, सिमेंटचं पोतं बांधलं तरी येतं. देह आला की आपण त्याचं आरपार स्कॅनिंग करतो. कुठल्या जागी किती चरबी, कुठला स्नायू किती जाड, कुठला कंडरा किती ताठ. आणि हाडं. हाड हे दगडासारखं मेलेलं नसतं. ज्या दिशेने आयुष्यभर भार पडतो, त्या दिशेने हाडाच्या आतली जाळी दाट होत जाते. शेतातली पायवाट बघता ना? कुणी ठरवून आखत नाही, लोक चालतात म्हणून पडते. तशाच हाडांत पायवाटा पडतात. त्यांवरून संगणक सांगतो, की हा माणूस कसा चालायचा, कसा बसायचा, कुठे रेलायचा. मग अंगरख्यातली जेल चरबीच्या जागी बसते, चरबीइतकीच मऊ आणि चरबीइतकीच हलकी. कृत्रिम स्नायू त्याच्या स्नायूंची कामं करतात. तुमचा चेहरा तुमचाच. मानेखाली सगळा कारभार त्यांचा."

"म्हणजे मॅडम, त्यांना जे आठवत होतं ते आम्हाला आठवणार?" नीलोफर मुजावरने विचारलं होतं. ती तन्मयच्याच गटातली, वर्गात पहिली येणारी आणि काडीइतकी बारीक.

"आठवणार काही नाही. त्यांना जे सोपं जायचं, ते तुम्हाला सोपं जाईल. एवढंच."

अंगरखा आठवडाभर उतरवायचा नाही. तो पाण्यात भिजतो, धुता येतो, त्यातून सगळे विधी करता येतात, त्याचं कुलूप मात्र फक्त मॅडमच्या अंगठ्याने उघडतं. मध्येच उतरवला तर सत्र वाया. आणि गटातला एकजण निरीक्षक म्हणून सदैव सोबत. तन्मयच्या वाट्याला निरीक्षक म्हणून नीलोफर आली.

हे सगळं तन्मयने हसत सोसलं असतं. पण त्याच आठवड्याच्या शेवटी त्याच्या ताईचं लग्न होतं, आणि त्या लग्नाला येऊ नकोस असं ताईने त्याला बजावलेलं होतं.

कारण साखरपुडा. साखरपुड्यात भावाने बहिणीला काहीतरी द्यायचं म्हणून तन्मयने ऋजुताताईला वजनाचं मशीन दिलं. बोलणारं. त्याला रिबनही लावली होती. वर म्हणाला, "ताई, लग्नापर्यंत वीस किलो. मी डाएट पाठवतो." सासरची माणसं समोर बसलेली. हसण्यावारी न्यायचं म्हणून बिचारी ताई मशीनवर उभी राहिली, आणि मशीन सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा मंजुळ आवाजात म्हणालं, "सत्त्याण्णव किलो. कृपया एका वेळी एकाच व्यक्तीने उभे राहावे."

त्या रात्री ताईचा निरोप आला. 'लग्नाला यायचं नाहीस. कान पिळायला बंड्या येईल.'

आता नवरदेवाचा कान पिळणं हा नवरीच्या भावाचा हक्क. भर मांडवात, भटजींच्या साक्षीने, बहिणीला नीट सांभाळ हे मेहुण्याला कानाच्या भाषेत सांगायचं, हा आयुष्यात एकदाच मिळणारा मान. आणि तो बंड्याला जाणार होता. बंड्या हा चुलतभाऊ, आणि तो टूथपेस्टची ट्यूब पिळायलाही बायकोला हाक मारायचा.

*

अंगरखा चढवल्यावर तन्मयने पहिलं पाऊल टाकलं आणि तो दचकला. त्याची कल्पना होती की आपण कोसळू. पण मांड्यांनी भार असा उचलला जणू काही विशेष नाही.

"मॅडम, ह्यांचे पाय तर माझ्यापेक्षा दणकट आहेत."

"असणारच. तुम्ही जिममध्ये जेवढं वजन दोनदा उचलून फोटो काढता, तेवढं ते घेऊन बाजारात जायचे."

दुसरं पाऊल त्याहून चमत्कारिक होतं. ते डौलदार होतं. सहा नंबरच्या देहाला चालणं आवडत असावं. कंबर जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे, पोट पुढे, जणू गावची पालखी निघाली आहे आणि कुणाला घाई नाही.

बाहेरच्या जगाला मात्र घाई होती. पहिल्याच दिवशी रिक्षावाल्याने दुधीच्या रसाचा उपाय सांगितला. वॉचमनने गरम पाणी आणि लिंबू सांगितलं. कँटीनमध्ये तन्मयने दुसरा बटाटेवडा घेतला तर शेजारच्या टेबलावरून सामुदायिक उसासा ऐकू आला. त्याच्या ताटात काय आहे यात लोकांना आयुष्यात पहिल्यांदाच रस निर्माण झाला होता. जिममध्ये तर ज्या प्रशिक्षकाने त्याचा फोटो भिंतीवर लावला होता, त्यानेच त्याला न ओळखता नवशिक्यांची सवलत देऊ केली आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "इच्छाशक्ती पाहिजे, काका."

मग दारात बोट सापडलं. तन्मय ओपीडीत गेला. तिथल्या शिकाऊ डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं नाही.

"वजन कमी करायला हवं."

"बोट दारात सापडलंय."

"हो, पण वजन."

"दारात. बोट."

"दार लहान पडलं असेल," डॉक्टर म्हणाला आणि त्याने चालण्याचा व्यायाम लिहून दिला.

अंगरख्याच्या पातळ बोटातूनही आतलं बोट टोमॅटोसारखं फुगलेलं दिसत होतं. नीलोफरने रुमाल ओला करून बांधला.

"काय लिहू निरीक्षणात?"

"लिही, की मी पण हेच म्हटलं असतं," तन्मय म्हणाला. "दाराचा विनोदसुद्धा मीच केला असता. बहुतेक ह्याहून बरा."

आकिवाटे मॅडमना हा किस्सा कळला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "जाडीने आजार होतात. खोटं नाही ते. दुसऱ्या वर्षी सविस्तर शिकवतील. पण इलाज करायला पेशंट पुन्हा तुमच्या दारात यायला लागतो, हावळ. आज जसे तुम्ही त्या दारात पुन्हा जाणार नाही, तसे कितीजण जात नसतील?"

पण आठवडा नुसता दुःखाचा होता असं म्हणणं खोटं ठरेल. अंगरख्यात झोप अशी लागायची की जणू कुणीतरी आतून कुशीत घेतलंय. पोटावर मोबाइल, चहाचा कप आणि एकदा तर पूर्ण उघडलेलं पाठ्यपुस्तक आरामात राहिलं. हसू आलं की ते गालावर संपत नसे. पोटात जाऊन, तिथे एक फेरी मारून खांद्यांतून बाहेर पडायचं. तन्मय मुद्दाम हसायला लागला. वसतिगृहातली मुलंही त्याचं हसू बघायला जमायला लागली.

एक गोष्ट मात्र कुणालाच उलगडेना. कुठल्याही काठावर उभं राहिलं, मग ती पायरी असो, ओटा असो, गच्चीचा कट्टा असो, की सहा नंबरची पायाची बोटं आपोआप काठाला पकडायची, गुडघे वाकायचे, आणि हात गुडघ्यांना मिठी मारायला धावायचे. पुढे काय व्हायचं ते होतच नसे, कारण तन्मय घाबरून मागे सरकायचा. गटात पैजा लागल्या. कुणी म्हणे विकेटकीपर, कुणी म्हणे बँकेत बाकाखालचं नाणं शोधणारा शिपाई. मॅडमनी स्कॅन दाखवला. टाचेची आणि माकडहाडाची जाळी भलतीच दाट होती. "आयुष्यभर काहीतरी जोरात आपटलंय इथे," त्या म्हणाल्या. "काय ते मलाही कळत नाही. मजेशीर माणूस होता एवढं नक्की."

*

शुक्रवारी आईचा फोन आला. आई हा फोन कपाटात डोकं घालून करत असावी, कारण मागे बांगड्यांऐवजी हँगर वाजत होते.

"बाळा, उद्या हळद आहे. तू ये."

"ताईने नको म्हटलंय."

"तिनं म्हटलंय, मी म्हटलं नाही. सख्खा भाऊ जिवंत असताना बंड्या कान पिळणार? लोक मला विचारायला लागलेत, मुलगा कुठं, म्हणून. मी सांगितलंय, ऑपरेशन करतोय."

"आई, मी पहिल्या वर्षाला आहे!"

"म्हणून तर लोक काळजीत पडलेत. ये तू."

तन्मय मॅडमकडे गेला. अंगरखा दोन दिवस आधी उघडून द्या, म्हणाला. मॅडमनी विचार केल्यासारखं केलं. "लग्न? उत्तम. गर्दीत निरीक्षण चांगलं होईल. मुजावर, तुम्हीही जा. चांगली साडी आहे ना?"

तर अशा रीतीने शनिवारी दुपारी शिरोळजवळ, नवरदेवाच्या, म्हणजे संकेतच्या, मळ्यात, एसटीतून एक काडीसारखी मुलगी आणि एक डुलत चालणारा प्रचंड माणूस उतरला. मांडव मळ्यात होता, मांडवाशेजारी जुनी दगडी विहीर होती, आणि विहिरीशेजारी एक जेसीबी झेंडूच्या माळा घालून उभा होता. उद्या वरातीत त्याच्या खोऱ्यातून नवरा-नवरीवर फुलं पडायची होती. सासऱ्यांनी ट्रॅक्टरभर झेंडू आणून ठेवला होता.

ताई पाटावर बसली होती. गाल, हात, कपाळ हळदीने पिवळेधमक. तिने समोर पाहिलं. आधी तिला तन्मयचा चेहरा दिसला, मग त्याखालचं बाकीचं दिसलं. तिचं तोंड उघडं राहिलं.

"हे काय आहे?" ती उठली. "तन्म्या, हे काय सोंग आहे? माझ्या हळदीत माझी नक्कल करायला आलास?"

बँजोवाल्याने शेवटचा सूर हळूच खिशात घातल्यासारखा बंद केला.

"नक्कल नाही गं, ताई, हा अंगरखा आहे, कॉलेजचा. माझ्या टेबलावरच्या—"

"मी जाड दिसते म्हणून तू जाडाचा ड्रेस घालून आलास?"

"अगं अभ्यासक्रमात आहे!"

"अभ्यासक्रमात!" ताईने शेजारचा हळदीचा वाडगा उचलला.

नीलोफर मध्ये पडली. "ताई, खरं आहे, मी निरीक्षक आहे—" पण वाडगा निघालेला होता. तन्मय मागे सरला. आणखी मागे सरला. सासरची माणसं, मुलंबाळं, खुर्च्या, सगळं चुकवत तो मागे सरत गेला, आणि पाठीमागे वळून बघतो तर पायाखाली विहिरीचा जमिनीलगतचा बसका कठडा.

पायाच्या बोटांनी काठ पकडला.

गुडघे वाकले. हात धावले. आणि या वेळी मागे सरकायला जागाच नव्हती, कारण मागे ताई होती. देहाला आठवत काही नव्हतं, फक्त सोपं फार वाटत होतं. आणि एवढं सोपं वाटत असताना माणूस किती वेळ थांबणार? एकशे सव्वीस किलोंनी अलगद उडी घेतली, हवेत गुडघे छातीशी ओढले, जरासे मागे कलले, आणि माकडहाड पुढे करून विहिरीच्या मधोमध बसले.

आवाज तोफेसारखा झाला. पाणी विहिरीच्या वर आलं, क्षणभर वर थांबलं, आणि मग मांडवाच्या पहिल्या चार रांगांवर, सासऱ्यांवर, रुखवताच्या लाडवांवर आणि जेसीबीवर सारख्या प्रमाणात वाटून पडलं.

नवरदेवाचे काका, खारगेकाका, नवा सूट घालून पहिल्या रांगेत होते. ते उठले. सूटमधून धारा लागल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, आता लग्न मोडलं.

"मुटका!" काका ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, इतरत्रही होतंच. "अस्सल मुटका! लहानपणी आमच्या विहिरीवर एकजण मारायचा असा, त्यानंतर आज बघितला! कोण आहे हा पोरगा?"

पण ताईला हे ऐकू आलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, तन्म्याला पोहता येत नाही. लहानपणी सगळी गल्ली विहिरीत असायची, तेव्हा हा कपडे सांभाळत वर बसायचा. तिने हळदीच्या साडीचा काष्टा मारला आणि सूर मारला. तिचा सूर इतका सरळ होता की पाणी जेमतेम हललं.

खाली गेल्यावर तिला तन्मय शोधावा लागला नाही. तो पाण्यावर उताणा पडला होता. कमळासारखा. जराही न हलता.

"तन्म्या! बुडतोयस का?"

"नाही," तन्मय आकाशाकडे बघत म्हणाला. त्याच्या आवाजात कमालीचं आश्चर्य होतं. "ताई, मी प्रयत्न पण करत नाहीये. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते."

"हे तू मला सांगतोयस?"

ताईपण उताणी झाली. दोघं भाऊबहीण गोल विहिरीत, गोल आकाशाखाली तरंगत राहिली. ताईच्या अंगावरची हळद सुटून पाणी पिवळं व्हायला लागलं. वर कठड्याभोवती डोकी जमली होती.

तन्मय म्हणाला, "ताई, रिक्षातून उतरताना तू आधी कुठला पाय टाकतेस?"

"काय?"

"मी दोन्ही करून बघितले. दोन्हीत अडकतो."

ताईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"डावा," ती सावकाश म्हणाली. "पण पाय नंतर. आधी बूड दाराकडे फिरवायचं."

"आणि बुटाची लेस?"

"लेसचे बूट घ्यायचेच नाहीत."

"कुणाकडे गेलं आणि प्लास्टिकची खुर्ची दिली तर?"

"भिंतीला टेकवून घ्यायची. भिंत नसेल तर म्हणायचं, मी उभीच बरी." ताईने हाताने पाणी हळूच सारलं. "कॉलेजात मी तेवढंच म्हणायची. मी उभीच बरी."

"साखरपुड्यातपण उभी होतीस."

"हो."

"मला वाटलं, आनंदाने उभी आहेस."

विहिरीत आवाज घुमत होता. वरून आई ओरडली, "काय बोलताय रे? जरा मोठ्यानं बोला, ह्या बाजूला ऐकू येईना!"

"ताई, ते मशीन मी ह्या विहिरीत टाकतो."

"नको. लोक पाणी पितात." मग ती म्हणाली, "आणि हा अंगरखा निघाल्यावर? परत नऊ टक्के?"

तन्मयने विचार केला. इथे छान काहीतरी बोलायची सोय होती, पण पाण्यावर तरंगताना खोटं बोलायला जमेना. "माहीत नाही. आठवडाच झालाय. पण परवा ओपीडीत बोट घेऊन गेलो, तर मला वजन कमी करा म्हणाले."

"बोटासाठी?" ताईला हसू फुटलं. "मला चष्म्याच्या नंबरासाठी सांगितलंय, लेका!"

ती हसली तशी तिचं हसू पोटातून निघून खांद्यांत गेलं आणि पाण्यावर गोल लाटा उठल्या. सहा नंबरच्या पोटातही तसंच सुरू झालं. लाटा एकमेकींवर आपटल्या. वर खारगेकाका उगाचच टाळ्या वाजवायला लागले.

"उद्या कान तू पिळ," ताई डोळे पुसत म्हणाली. "बंड्याचा हात ढिला आहे. आणि संकेतला पहिल्यापासूनच कळलेलं बरं."

वर काढायचा प्रश्न आला तेव्हा दोरखंड, शिडी, चार दांडगे पुतणे असे सगळे उपाय सुचवून झाले. ताईला माहीत होतं की विहिरीला पलीकडून पायऱ्या आहेत. पण तेवढ्यात माळा घातलेल्या जेसीबीने आपला हात विहिरीत वाकवायला सुरुवात केली होती, आणि आलेल्या पाहुण्याला नको म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. चालकाने उत्साहाच्या भरात खोऱ्यातला झेंडू काढलाच नव्हता. त्यामुळे फुलांत बसलेली, पिवळीधमक, चिंब नवरी आणि तिचा अवाढव्य भाऊ विहिरीतून संथपणे वर आले, आणि बँजोवाल्याने न सांगता एकदम जोरातलं गाणं धरलं. नवरदेव संकेत, स्वभावाने गरीब आणि अंगाने अगरबत्ती, ताईकडे बघतच राहिला. "तुला एवढं पोहता येतं?" तो म्हणाला. "मला शिकवशील?"

दुसऱ्या दिवशी कान पिळला गेला. सहा नंबरच्या हाताची पकड काय चीज आहे हे तेव्हा सगळ्या वऱ्हाडाला कळलं. संकेतचा कान वरात संपेपर्यंत जास्वंदीसारखा होता. पण तो तक्रार न करता, एका बाजूने लाल, आनंदाने नाचत होता, आणि त्याच्याशेजारी ताई नाचत होती, आणि जेसीबीच्या पुढे तन्मय अशा डौलात डुलत चालला होता की अनोळखी लोक वाट काढून देत होते.

निघताना आईने दोन पिशव्या दिल्या. एकीत लाडू होते, वाळवलेले. दुसरीत टॉवेल आणि टोपी.

"हे कुणाला? माझा आहेर झाला की."

"तुझा झाला. त्यांचा?" आईने त्याच्या पोटाकडे बोट दाखवलं. "ज्यांचं अंग घेऊन आलास ते. लग्नात आले, मुटका मारला, कान पिळला, आणि रिकाम्या हाताने जाणार? व्याही काय म्हणतील?"

"आई, ते..."

"ते मला सांगू नकोस. पाहुणे ते पाहुणे."

*

गटातल्या सगळ्यांचे आठवडे पार पडले. नीलोफरने आपल्या आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा घट्ट झोप घेतली आणि परीक्षेत दुसरी आली. तिने त्याचं खापर कुणावर फोडलं नाही. मग तो दिवस आला, जेव्हा सहा नंबरच्या टेबलाभोवती सगळे सुऱ्या घेऊन उभे राहिले. कुणी बुफे म्हटलं नाही. पाहुणे, असंच म्हणत होते. शेजारच्या टेबलावर बारीक देह होता. तिथली मुलं इकडे जराशा हेव्याने बघत होती.

देहदात्यापुढे दोन मिनिटं हात जोडायची पद्धत होती. हात जोडून झाले. मग तन्मयने पिशवीतून टॉवेल काढला, घडी नीट करून पाहुण्यांच्या उशाशी ठेवला. आणि टोपी काढली. पांढरी, कडक, नवीकोरी. क्षणभर घुटमळून त्याने ती पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवली. ती त्यांना इतकी शोभली, की आता ते उठून कुणाच्या तरी वरातीला निघतील असं वाटलं.

मागे पावलं वाजली. आकिवाटे मॅडम. मॅडमनी टॉवेलकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, मग तन्मयकडे.

"हे काय?"

"आहेर, मॅडम. आईने दिलाय. ताईच्या लग्नातला." त्याला स्वतःलाच ते किती विचित्र वाटतंय हे जाणवलं. "नियमात बसत नसेल तर काढतो."

मॅडम टेबलाजवळ आल्या. टोपी किंचित तिरकी बसली होती. त्यांनी दोन बोटांनी ती सरळ केली.

"आपण काखेपासून सुरुवात करतोय, हावळ," त्या म्हणाल्या. "डोकं दिवाळीनंतर. तोवर राहू दे."